मार्गासनीहून आलेलं कपाट

“अहो, तुमच्या त्या पेटीत बायको ठेवलीय का?”

विचारून टाकलं चंद्रानं. एका दमात, मान ताठ ठेवून. शेवटच्या शब्दापाशी आवाज जरासा चिरकला तेवढा सोडला, तर अगदी ठरल्याप्रमाणे. मागे हौदाच्या आडोशाला सुलू आणि सौदामिनी तोंडात पदराचे बोळे कोंबून उभ्या होत्या. पैज त्यांचीच होती. विचारलंस तर आठ दिवस तुझं दप्तर आम्ही वाहू, नाही विचारलंस तर तू आमचं.

भोरच्या हायस्कुलात बाकं दुरुस्त करायला तो तरुण सुतार आला त्याला आठवडा झाला होता. मार्गासनीचा, नाव कुंडलिक. एवढी माहिती शिपायाकडून मिळाली होती. पण मुलींना कोडं पडलं होतं ते त्याच्या पेटीचं. कमरेएवढ्या उंचीची, दोन दारांची, सागवानी. सकाळी ती पाठीला बांधून आणायचा, संध्याकाळी पाठीवर घेऊन जायचा. शिपायानं हात लावू म्हटलं तर नको म्हणायचा, आणि खाली ठेवताना अशी ठेवायचा की जणू आत कुणी झोपलंय.

प्रश्न ऐकून कुंडलिकनं मान वर केली नाही. चालू होता तो रंध्याचा हात शेवटपर्यंत ओढला, फळीवरचा भुसा फुंकला, आणि मग उठून पेटीची दोन्ही दारं उघडली.

“बगा की,” तो म्हणाला. “हिच्यात मावंल का? आन मावली तरी गप बसंल का?”

हौदाआडून खिदळण्याचा आवाज आला. पण चंद्राला तो ऐकूच आला नाही. ती आत बघत राहिली...

काय होतं ते! पेटी नव्हतीच ती, कपाट होतं. दाराच्या आतल्या अंगाला करवती, एकीमागे एक, पात्यांना लाकडी म्यान घातलेल्या. मधल्या फळीत लाकूड कोरायच्या पटाश्या, बोटाएवढ्या बारीकपासून चार बोटं रुंदीपर्यंत, प्रत्येकीला तिच्या अंगाच्या मापाची खाच. खाली रंधे तिरपे निजलेले, पात्याची धार कशाला टेकू नये म्हणून. भोकं पाडायच्या गिरमिटाला गोल कोनाडा, कानशीला लांबट. आणि सगळ्यांत खाली एक चिमुकला खण, त्यात फक्त खडू आणि सुतळी. कुठेही खिळा नाही. लाकडात लाकूड असं बसवलेलं की नख घालायला फट नव्हती.

“ही पटाशी अर्ध्या इंचाची,” ती पुटपुटली. “शेजारची पाऊण इंचाची. मग मधली खाच रिकामी कशी?”

आता मात्र कुंडलिकनं तिच्याकडे नीट बघितलं. चंद्राचा हात पटाशीकडे गेला होता, पण वीतभर अलीकडेच थांबला होता. न विचारता दुसऱ्याच्या हत्याराला हात लावायचा नसतो, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं.

“सुताराच्या हायसा तुमी,” तो म्हणाला.

“सावळाराम सुतारांची मुलगी.”

“म्हंजी... ज्यांच्या चौकटी पावसात फुगत न्हाईत, ते?”

चंद्राला आयुष्यात बरीच शाबासकी मिळाली होती. मॅट्रिकच्या वर्गात तिघीच मुली, आणि गणितात ती मुलांच्याही पुढे. पण हे ऐकून कानाच्या पाळ्या जशा गरम झाल्या, तशा कधीच झाल्या नव्हत्या.

सुलू आणि सौदामिनीनं आठ दिवस दप्तर वाहिलं. त्या आठ दिवसांत चंद्रा मधल्या सुट्टीत हौदापाशी नव्हतीच. भाद्रपदातला पाऊस मधूनच सर टाकून जायचा, ऊन पुन्हा पडायचं, आणि व्हरांड्याच्या कडेला उभी राहून ती कपाट ‘बघायची’. एकदा त्यानं डोळे मिटून घेतले आणि तिला म्हणाला, हत्याराचं नाव घ्या. ती म्हणाली कानस — हातात कानस. गुण्या — काटकोन बघायचं ते हत्यार अलगद बाहेर. सहा वेळा, सात वेळा, एकदाही हात चुकला नाही. आठव्यांदा ती मुद्दामच म्हणाली, “शाई.”

डोळे तसेच मिटलेले ठेवून त्यानं हात तिच्यापुढे धरला. “ती तुमच्याकडं ऱ्हाती.”

तिनं खरंच शाईची दौत त्याच्या तळहातावर ठेवली. आणि मग दोघांनाही पुढे काय करायचं ते सुचलं नाही...

बोलता बोलता तिला सगळं कळत गेलं. दोन वर्षं पुण्याच्या एका कारखान्यात त्यानं काम केलं होतं. तिथे भिंतीभर हत्यारं टांगलेली, प्रत्येकाची जागा ठरलेली. ते बघून त्याला आपल्याकडचे सुतार आठवायचे. कुणाची ओसरी चार हातांची, कुणाचं काम झाडाखाली, हत्यारं पोत्यात. मोठ्या कारखान्याची भिंत त्यांच्याकडे कुठून येणार? म्हणून परत येऊन तो छोट्या जागेची कपाटं करू लागला. गुंजवण्याच्या एका सुताराला त्यानं भिंतीला चिकटून मिटणारं कपाट करून दिलं होतं, उघडलं की त्याचंच दार आडवं होऊन कामाचा पाट व्हायचं. कपाट करायच्या आधी तो त्या माणसाचं एकेक हत्यार हातात घेऊन बघायचा. बाकं दुरुस्त करणं हे पोटासाठी. हे मात्र — तो शब्द शोधत थांबला. चंद्राला शब्द नको होता. तिला दिसत होतं.

घरी मात्र वेगळंच काही दिसत होतं.

आबांची, म्हणजे तिच्या वडिलांची, हत्यारं पोत्यात असायची. तीस वर्षं तशीच. पण हल्ली ते पोत्यात हात घालून चाचपडायचे, आणि बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या. उजेड कमी पडतो, लढाईमुळे रॉकेल मिळत नाही, असं म्हणायचे. रॉकेल दिवसा कुणाला लागतं, हे चंद्राला विचारवत नव्हतं. एका दुपारी त्यांनी एकाच फळीवर दोन ठिकाणी खूण केली आणि कुठली खरी ते त्यांना ठरवता येईना. आई चुलीपाशी बसून ते बघत होती. तिनं काही म्हटलं नाही. म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं.

त्याच संध्याकाळी किकवीच्या स्थळाचा विषय निघाला. घर चांगलं, गाड्यांची चाकं करणारं. दिवाळीनंतर बघायला येतील, मार्गशीर्षात लग्न. शाळा? त्या लोकांना शिकलेल्या सुनेची काही गरज नव्हती. चंद्राला मास्तरीण व्हायचं होतं. मॅट्रिक, मग पुण्याला ट्रेनिंग, मग एखाद्या शाळेत स्वतःचं टेबल. ती कितीतरी बोलली, रागानं बोलली. एकोणिसावं लागलंय, आता लहान नाही मी, असंही म्हणाली. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

“डोळ्यांनी दिसतंय तवर तुजं हात पिवळं झालेलं बगू दे,” ते म्हणाले. “मग माजं काम सुटलं तरी चालंल.”

यावर कसं भांडायचं? चंद्रा रात्रभर कूस बदलत राहिली. आणि पहाटे एकदम उठून बसली. डोळे मिटले तरी हातात कानस! आबांचं काम सुटलं नाही, तर घाईचं कारणच उरत नाही...

आबांसाठी तसंच कपाट कराल का, म्हटल्यावर कुंडलिकनं लगेच हो म्हटलं. पण आबांची हत्यारं हातात घ्यावी लागतील म्हणाला. तिथेच सगळं अडलं. आबा? दुसऱ्या सुताराच्या हातात स्वतःचं हत्यार? हत्याराला एका माणसाचा हात बसलेला असतो, दुसऱ्यानं धरलं की ते बिघडतं, अशी त्यांची ठाम समजूत होती. सख्ख्या चुलतभावालाही त्यांनी कधी रंधा दिला नव्हता. त्यात डोळ्यांचं गुपित परक्याला कळलेलं तर मुळीच खपणार नव्हतं.

“मी मापं आणून देते,” चंद्रा म्हणाली. “गणितात पहिली आहे मी.”

संधी वर्षातून एकदाच येणारी होती. खंडेनवमीला हत्यारं पोत्यातून बाहेर निघतात, धुऊन पुसून पाटावर मांडली जातात, हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी काम बंद. दुपारी आबा आळीत गेले, आई पुरणाच्या नादात. चंद्रानं पुस्तकांची तपकिरी कव्हरं सोडवली, एकेक हत्यार कागदावर ठेवलं आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. लांबी, रुंदी, जाडी, सगळं पट्टीनं मोजून लिहिलं. तेवीस हत्यारं, तेवीस कागद. फुलं जिथल्या तिथं परत.

शाळेचं काम संपवून कुंडलिक दसऱ्याला गावी निघाला होता. मोटारीच्या थांब्यावर तिनं गुंडाळी त्याच्या हातात दिली.

“कागदांस्नी हळद लागलीया,” तो म्हणाला.

“पूजेतली आहे. पुसू नका.”

तो नुसता हसला. गुंडाळी त्यानं सदऱ्याच्या आत सरकवली... मोटार निघून गेली तरी सुलूला तिला दोनदा हाक मारावी लागली.

दिवाळी गेली. तुळशीचं लग्न लागलं. किकवीच्या मंडळींनी पुढच्या रविवारचा निरोप धाडला. आणि सोमवारी दुपारी दाराशी बैलगाडी थांबली. पेंढ्यात गुंडाळलेलं कपाट कुंडलिकनं एकट्यानं उतरवलं, आबांच्या कामाच्या खोलीत भिंतीशी उभं केलं, आणि स्वतः उंबऱ्याबाहेर जाऊन थांबला.

मार्गासनीचा साग, मधासारखा रंग. दारांच्या कडा हाताला लागू नयेत म्हणून गोलसर केलेल्या. चंद्राचा ऊर भरून आला. तेवीस कागदांवरच्या तेवीस रेघा त्यात जशाच्या तशा लाकडात उतरल्या होत्या. आबा जवळ आले. त्यांनी ते बोटांनी बघितलं. सांध्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला.

“कुनाच्या हातचं?” त्यांनी विचारलं, आणि आवाजात कौतुक होतं. लपवायला गेले तरी होतंच.

चंद्रानं भराभर पोत्यातली हत्यारं खाचांत बसवली. “आबा, डोळे मिटा. आता वाकस घ्या. खालून दुसऱ्या खाचेत, तुमच्या हाताशीच.”

आबांनी डोळे मिटले. हात पुढे केला. वाकस, ती तासायची कुऱ्हाडीसारखी वस्तू, राहिली बाजूला, आणि हात थेट करवतीच्या दातांवर गेला.

रक्त फार नव्हतं. आबांनी बोट तोंडात धरलं, डोळे उघडले आणि खाचांकडे बराच वेळ बघितलं.

“माज्या हत्यारांची मापं कुनी काडली?”

“मी.”

त्यांनी कपाटाची दारं लावली. हळूच लावली. आपटली असती तर बरं झालं असतं, असं चंद्राला वाटलं. हे परत न्यायला सांग, एवढंच ते म्हणाले. आणि आईला म्हणाले, रविवारी माणसं येत्यात, घर सारवून ठेव.

अंगणात कुंडलिक गाडीच्या जोखडाला टेकून उभा होता. चंद्राला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून ती चिडली. माप चुकलं का? तिचं एकही माप चुकलेलं नव्हतं.

“मापं बराबर हायत,” तो म्हणाला. “तुमचं आबा डावखुरं हायत.”

चंद्रा त्याच्याकडे बघतच राहिली. आबांचा डावा हात वाकस उचलताना, डावा हात रंधा ओढताना, डाव्या हातानं तिच्या पाटीवर पहिला ‘श्री’ काढताना... जन्मल्यापासून तेच बघितलेलं. आबा डावखुरे आहेत असं कधी मनात आलंच नव्हतं. आबांचा हात म्हणजे तो हात.

“मी... सांगितलंच नाही तुम्हाला.”

“चूक माजी. कपाट उजव्या हाताचं झालं. हत्यार हातात घेतलं असतं तर मूठ कुठल्या अंगानं झिजलीया ते कळलं असतं. कागदाला मूठ नसती.” त्यानं जोखडावरून हात फिरवला. “कागद बगून कपाट केलं म्या. मानूस बगितला न्हाई.”

कपाट त्यानं परत नेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, आबांना वाकून नमस्कार केला आणि कामाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला. आबांनी जा म्हटलं नाही, ये म्हटलं नाही. ते काम करत राहिले आणि तो बघत राहिला. दुपारी आईनं त्याच्यापुढे भाकरी ठेवली, ती त्यानं तिथेच खाल्ली. बुधवारी पुन्हा तेच. गुरुवारी आबांनी वाकस खाली टेकवली.

“काय बगतूयास रं तीन दीस?”

“तुमचा अंगठा,” कुंडलिक म्हणाला. “वाकस उचलताना तुमी आदी अंगठा टेकवता, मग मूठ धरता. खाच अंगठ्याएवढी रुंद पायजे. म्या अरुंद केली हुती.”

आबांनी वाकस उचलली, पातं आपल्याकडे फिरवलं आणि दांडा त्या पोराच्या दिशेनं पुढे केला.

“धर. बगायचं तर नीट बग.”

स्वयंपाकघराच्या दारात आईच्या हातातलं सूप तिरकं झालं आणि तांदूळ जमिनीवर सांडले. तिला ते कळलंही नाही. लग्न होऊन आल्यापासून असं तिनं कधी बघितलं नव्हतं.

मग दोन दिवस अंगणात ठोकाठोक चालली. बिजागऱ्या या बाजूच्या त्या बाजूला गेल्या, करवती उजव्या टोकाला, वाकस डाव्या हाताशी, प्रत्येक खाचेला अंगठ्याची जागा. चंद्रा ओट्यावर भूगोलाचं पुस्तक उघडून बसली होती. शुक्रवार संध्याकाळपर्यंत एकच पान उघडं होतं.

“परवा किकवीची माणसं येणार,” ती पुस्तकाला म्हणाली.

“ठाव हाय.”

“हे सगळं तुम्ही... आबांसाठी करताय?”

त्यानं पटाशीवरचा भुसा फुंकला. पहिल्या दिवशीसारखाच, हातातलं पुरं करून मगच बोलणारा.

“कपाट आबांसाठी,” तो म्हणाला. “तीन दीस उंबऱ्यावर बसलो, ते न्हाई.”

पेरूच्या झाडावरून एक पान गळून नेमकं भूगोलावर पडलं. ते उचलायलाही तिला वेळ लागला. मग तिनं पुस्तक मिटलं आणि सरळ त्याच्याकडे बघून बोलली. मॅट्रिकचं, पुण्याच्या ट्रेनिंगचं, दोन वर्षांचं. त्यातलं काही सोडायचं नाही असं ठरवलंय, आणि त्यालाही सोडायचं नाही असंही. “थांबाल?”

“साग तोडला की आमी दोन वर्सं सावलीत वाळत ठिवतो,” कुंडलिक म्हणाला. “घाई केली की दारं वाकडी हुत्यात.”

“म्हणजे मी साग होय?”

“तुमी न्हाई. मी. बसतो वाळत.”

ती हसली, आणि हसता हसता डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं, आणि तो मात्र अगदी गंभीरपणे तिच्याकडे बघत राहिला...

शनिवारी सकाळी आबा कपाटापुढे उभे राहिले. डोळे मिटले. नावं घ्यायला आई पुढे आली. तिला सगळी हत्यारं पाठ होती हे चंद्राला तेव्हाच कळलं. वाकस. हातात वाकस. गिरमिट. हातात गिरमिट. पटाशी, पाऊण इंचाची. आबांच्या डाव्या हाताचा अंगठा खाचेत असा जाऊन बसायचा की जणू लाकूडच तो ओढून घेतंय. तेविसाव्या हत्याराला आबा हसले. मोठ्यानं, पोरासारखे.

“चाळिशीच्या माणसावानी काम करीन आता,” ते म्हणाले, आणि मग उंबऱ्याकडे तोंड करून, कुंडलिकला ऐकू जाईल अशा बेतानं आईला म्हणाले, किकवीला आजच निरोप धाड, येऊ नका म्हणावं. आपल्या हातानं वाकस ज्याला दिली त्याला पोरगी द्यायला काय हरकत हाय? मार्गासनीला उद्याच जाऊन येतो. माघात बार उडवून टाकू.

आईनं लगेच डोळे टिपले आणि लगेच मांडवाचं बोलायला लागली. दारात कुठल्या बाजूनं घालायचा, कुणाला आधी बोलवायचं, पुरण कुणाच्या हातचं. आबा मान डोलवत होते. कुंडलिकनं चंद्राकडे बघितलं.

चंद्रा खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली. या वेळी आवाज कुठेच चिरकला नाही.

“आबा, आई, लग्न मी ह्यांच्याशीच करणार आहे,” ती म्हणाली. “पण माघात नाही. मार्चात मी मॅट्रिकला बसणार, मग दोन वर्षं पुण्याला मास्तरीण व्हायला शिकणार, आणि परत आले की जो पहिला मुहूर्त असेल त्याला उभी राहणार. ह्यांना मी विचारलं, ते थांबतो म्हणालेत. तुम्हाला विचारत नाही, सांगतेय.”